मानद पदवी : साक्ष कुणाची, कशासाठी?



पदवीदान समारंभांचा हंगाम आला की वर्तमानपत्रांत एक ठरावीक छायाचित्र येतं. मधोमध कुलपती, शेजारी कुलगुरू, आणि रंगीत झगा घातलेले एक पाहुणे. पाहुण्यांच्या हातात मानपत्र. खाली ओळ असते : अमुक यांना मानद डी.लिट. प्रदान. त्याच दिवशी, त्याच मांडवात काही हजार मुलामुलींना पदव्या मिळालेल्या असतात. काहींनी सहा-सात वर्षं घासून पीएच.डी. केलेली असते. ती मंडळी छायाचित्रात नसतात. बरेचदा त्यांची नावंसुद्धा कुणी वाचत नाही. अधिष्ठाता उभे राहतात आणि सगळ्यांच्या वतीनं एका दमात पदव्या मागून घेतात.

आज आपण त्या छायाचित्रातल्या पाहुण्यांविषयी बोलणार आहोत. कुणाची टिंगल करायची नाही. प्रश्न साधा आहे : परीक्षा न घेता विद्यापीठ जेव्हा एखाद्याला पदवी देतं, तेव्हा ते नेमकं काय म्हणत असतं? आणि जे म्हणतं ते खरं असावं, अशी अपेक्षा आपण ठेवायची की नाही?

लॅटिनमध्ये या पदवीला ‘ऑनोरिस कॉझा’ म्हणतात. अर्थ : सन्मानाखातर. म्हणजे बघा, नावातच एक जागा मोकळी आहे. सन्मानाखातर, ठीक, पण सन्मान कशाखातर? ती जागा मानपत्रानं भरायची असते. आमच्या आजच्या व्याख्यानाचा सगळा भार या मोकळ्या जागेवर आहे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवतो.

आता थोडं आपल्या घरच्या तत्त्वज्ञानाकडे वळू. न्यायदर्शनात ज्ञानाची चार साधनं मानली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. शब्द म्हणजे कुणाच्याही तोंडचं वाक्य नव्हे, आप्ताचं वाक्य. आप्त कोण? वात्स्यायनानं भाष्यात याची फोड केली आहे. ज्याला ती गोष्ट स्वतः नीट कळली आहे आणि जशी कळली तशी ती सांगावी एवढ्याच इच्छेनं जो बोलतो, तो आप्त. आणि त्यानं पुढे एक फार मोठी गोष्ट सांगितली : हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेंच्छ सर्वांना सारखंच लागू आहे. आप्तत्व जन्मावर किंवा पदावर ठरत नाही. जाणणं आणि प्रामाणिकपणे सांगणं, एवढ्या दोनच अटी.

ही फूटपट्टी पदव्यांना लावून बघा. आपण कष्टानं मिळवतो त्या पदवीमागे तपासणी असते. उत्तरपत्रिका असते, प्रबंध असतो, बाहेरचा परीक्षक असतो. कुणाला शंका आली तर प्रबंध ग्रंथालयात आहे, जाऊन उघडा. मानद पदवीमागे यातलं काहीच नसतं. तिथे असतो तो फक्त विद्यापीठाचा शब्द. म्हणजे मानद पदवी ही निखळ साक्ष आहे. साक्षीची किंमत साक्षीदारावर ठरते. विद्यापीठाला त्या माणसाचं काम खरोखर कळलं आहे का? आणि ते कळलं तसं सांगण्यापलीकडे विद्यापीठाचा दुसरा काही हेतू आहे का? दुसरा हेतू असेल, मग ती देणगी असो, अनुदान असो, एखाद्या मंत्रालयातली अडकलेली फाइल असो, तर साक्ष बाद. कोर्टातही लागेबांधे असलेल्या साक्षीदाराकडे न्यायाधीश संशयानंच बघतात.

आता इतिहास. ऑक्सफर्डमध्ये १४७०च्या दशकाच्या अखेरीस लायोनेल वुडव्हिल याला अशी पदवी देऊ केली गेली; ही पहिली नोंदलेली मानद पदवी असं सामान्यतः मानतात. हा वुडव्हिल कोण? राजाचा मेव्हणा. म्हणजे प्रथेचा जन्मच राजघराण्याच्या दारात झाला. आपल्याकडे काय झालं? १८७५ साली कायदा करून कलकत्ता विद्यापीठाला मानद पदवी देण्याचा अधिकार मिळाला, कारण प्रिन्स ऑफ वेल्स हिंदुस्थानच्या दौऱ्यावर येत होता. १८७६ मध्ये युवराजांना पदवी मिळाली. पण त्याच वर्षीच्या मानकऱ्यांत संस्कृत कोशकार मोनियर विल्यम्स होते, कृष्णमोहन बॅनर्जी होते आणि प्राच्यविद्येचे मोठे संशोधक राजेंद्रलाल मित्र होते. एका बाजूला युवराज, दुसऱ्या बाजूला राजेंद्रलाल मित्र. एकाकडे पद, दुसऱ्याकडे काम. मानद पदवीची सगळी गोष्ट या एका यादीत आली, असं आम्हाला वाटतं.

पुढे १९०४चा विद्यापीठ कायदा आला, लॉर्ड कर्झनचा. त्याच्या सतराव्या कलमात मानद पदवीचे निकष आहेत. माणूस पात्र कशामुळे ठरतो? तर प्रतिष्ठेचं स्थान आणि कर्तृत्व यांमुळे. क्रम लक्षात घ्या : आधी स्थान, मग कर्तृत्व. कुलगुरू आणि सिंडिकेटच्या इतर सभासदांपैकी दोन तृतीयांशांनी शिफारस करायची, सिनेटच्या हजर सभासदांपैकी दोन तृतीयांशांनी पाठिंबा द्यायचा, कुलपतींनी मान्यता द्यायची. साहेब गेला, कायदे बदलले, पण ‘स्थान’ हा शब्द आपल्या मनातून काही गेला नाही. दोन तृतीयांशांची चाळणी मात्र कागदावरच राहिली. आम्ही ज्या अधिसभांमध्ये बसलो, त्यांची नावं घेण्याचं कारण नाही. तिथे मानद पदवीचा विषय बहुधा शेवटी यायचा, जेवणाची वेळ झालेली असायची, नाव वाचलं जायचं आणि टाळ्या वाजायच्या. कुणी ‘का’ असं विचारलं नाही. टाळ्यांना मत म्हणता येत नाही, मंडळी.

‘का’ असं विचारलं तर काय होतं, याचं एक उदाहरण तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असायला हवं. वर्ष १९५६, ठिकाण ऑक्सफर्ड. अमेरिकेचे माजी अध्यक्ष हॅरी ट्रुमन यांना मानद पदवी द्यायचं ठरलं. एरवी हे प्रस्ताव चुटकीसरशी मंजूर होतात. पण या वेळी सॉमरव्हिल महाविद्यालयात शिकवणाऱ्या एलिझाबेथ अ‍ॅन्स्कम या बाई सभेत उभ्या राहिल्या. व्हिट्गेन्श्टाइनच्या शिष्या आणि भाषांतरकार. पुढच्याच वर्षी त्यांचं ‘इन्टेन्शन’ हे पुस्तक आलं. हेतुपूर्वक कृती म्हणजे काय, या विषयावर आजही त्या पुस्तकाला वळसा घालून पुढे जाता येत नाही. त्या म्हणाल्या, या माणसाला सन्मान देऊ नका. ६ ऑगस्ट १९४५ला हिरोशिमा आणि ९ ऑगस्टला नागासाकी. निरपराध माणसांना मारणं हे आपल्या उद्दिष्टाचं साधन म्हणून निवडणं, याला खून म्हणतात.

विद्यापीठाच्या बाजूनं बोलायला इतिहासकार अ‍ॅलन बुलक यांना उभं केलं होतं. अ‍ॅन्स्कम यांनी नंतर छापलेल्या पत्रकात त्या बचावाचा समाचार घेतला आहे. निर्णय काही एकट्या ट्रुमन यांचा नव्हता, हुकमाच्या खाली फक्त त्यांची सही होती, असा त्या बचावाचा सूर होता. आपल्याला ओळखीचं वाटतं ना? आपल्याकडच्या कचेऱ्यांत निम्मा कारभार याच वाक्यावर चालतो. फाइल वरून आली, आम्ही फक्त सही केली. सही ही कृती नाही तर काय आहे, हा अ‍ॅन्स्कम यांचा प्रश्न. हेतू आणि कृती यांवर आयुष्यभर विचार करणाऱ्या बाईंसमोर हा बचाव टिकणारा नव्हता.

पण टिकला. मतं मोजली तेव्हा अ‍ॅन्स्कम यांच्या बाजूला अगदी मोजके लोक निघाले. त्यांत फिलिपा फूट या दुसऱ्या मोठ्या तत्त्वज्ञ होत्या. पत्रकात असंही नोंदलं आहे की एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांना आधीच कळवण्यात आलं होतं : बायकांचं काहीतरी चाललंय, जाऊन त्यांना मतांनी पाडायचं. त्या वर्षीच्या जूनमध्ये ट्रुमन यांनी झगा घालून पदवी घेतली.

आता आम्ही या पत्रकाकडे टीकाकाराच्या नजरेनं बघतो, कारण नुसतं कौतुक केलं तर तो अ‍ॅन्स्कम यांचा अपमान होईल. त्यांच्या युक्तिवादाचे दोन भाग आहेत. पहिला भाग युद्धनीतीचा : निरपराधांना ठरवून मारणं कधीच, कुठल्याही परिणामासाठी, समर्थनीय नाही. त्या स्वतः शांततावादी नव्हत्या. उलट, सगळंच युद्ध सारखं वाईट म्हणणाऱ्यांमुळे लढणारा आणि न लढणारा यांतला फरकच पुसला जातो, असं त्यांचं म्हणणं. शत्रूनं बिनशर्त शरण यावं हा हट्टच सगळ्या अनर्थाचं मूळ आहे, हेही त्यांनी दाखवलं. या भागावर पुष्कळ वाद होऊ शकतो, झालाही आहे. बॉम्ब टाकला नसता तर युद्ध लांबून आणखी माणसं मेली असती, हा प्रतिवाद आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे.

दुसरा भाग सन्मानाचा, आणि आमच्या मते तो पहिल्यावर फारसा अवलंबून नाही. तो असा : वाईट कृत्यात वाटेकरी होण्याचा एक मार्ग म्हणजे ते करणाऱ्याची स्तुती करणं. बॉम्ब टाकायला ऑक्सफर्डचे प्राध्यापक गेले नव्हते. थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. हातात एवढंच होतं की झगा द्यायचा की नाही. तेवढ्यापुरते ते स्वतंत्र होते, आणि म्हणून तेवढ्यापुरते जबाबदार.

इथे एखादा म्हणेल, आणि रास्त म्हणेल : ‘माणसाचं सगळं आयुष्य एका निर्णयावरून का तोलायचं? ट्रुमन यांच्या काळात मार्शल योजना झाली, उद्ध्वस्त युरोप उभा राहिला. त्या कामाचा सन्मान करू.’ आमचं उत्तर त्या मोकळ्या जागेकडे जातं. सन्मान एखाद्या विशिष्ट कामाचा असेल, तर बाकीचं आयुष्य बाजूला ठेवता येतं. गणितज्ञाचं प्रमेय बरोबर आहे की नाही हे त्याच्या स्वभावावर ठरत नाही. त्याला त्या प्रमेयासाठी गौरवा, आमची हरकत नाही. पण राज्यकर्त्याला आपण असं वेगळं काढून गौरवतो का? त्याच्या ‘सार्वजनिक जीवनातील भरीव योगदाना’साठी गौरवतो. सबंध हिशेब घ्यायचा म्हटलं की मग त्यातली दोन पानं चिकटवून टाकता येत नाहीत. ‘भरीव योगदान’ हा शब्दप्रयोग जिथे दिसेल तिथे समजावं की मोकळी जागा मोकळीच ठेवली आहे.

म्हणजे अ‍ॅन्स्कम यांचा कठोर सिद्धान्त कुणाला पटो न पटो, त्यांच्याकडून घ्यायचा धडा आमच्या मते हा : विद्यापीठानं कारण सांगावं, आणि सांगितलेल्या कारणाला धरून त्याला प्रश्न विचारता यावेत.

हाच धडा घेऊन आणखी दोन प्रसंग बघू. १९८५ साली ऑक्सफर्डनंच आपली माजी विद्यार्थिनी, आणि सॉमरव्हिलचीच, पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना मानद पदवी नाकारली. मतं ७३८ विरुद्ध ३१९. कारण उघड सांगितलं : शिक्षणाच्या आणि संशोधनाच्या निधीला लागलेली कात्री. या निर्णयावर पुष्कळांनी सूडबुद्धीचा आरोप केला. आम्हालाही एक गोष्ट खटकते. निरपराधांच्या मृत्यूवर मोजकीच मतं विरोधात गेली आणि अनुदानाच्या कपातीवर ७३८. तराजू कुठे कलतो ते दिसतं. पण मतं उघड मोजली म्हणूनच आज आपण हा तराजू तपासू शकतो, हेही खरं.

दुसरा प्रसंग १९९२चा, केम्ब्रिजचा. फ्रेंच तत्त्वज्ञ झाक देरिदा यांचं नाव आलं. क्वाइनसारख्या नामवंतांनी सह्या करून ‘टाइम्स’मध्ये पत्र छापलं : या लेखनात तत्त्वज्ञानाला लागणारी स्पष्टता आणि काटेकोरपणा नाही. केम्ब्रिजमध्ये मतदान झालं, ३३६ बाजूनं, २०४ विरोधात, आणि देरिदांना पदवी मिळाली. आम्ही स्वतः न्याय आणि विश्लेषणाच्या परंपरेत वाढलेले. देरिदा वाचताना आमचीही दमछाक होते. तरी आम्हाला वाटतं की विसाव्या शतकातली ही फार मोलाची मानद पदवी आहे. का? तर तिच्यावर २०४ विरोधी मतं आहेत. तत्त्वज्ञान म्हणजे काय, यावर सबंध विद्यापीठ भांडलं. साक्षीदाराची उलटतपासणी झाली आणि मग निकाल आला. उलटतपासणी झालेल्या साक्षीचं वजन वेगळं असतं, हे कुठलाही वकील सांगेल.

आता एक तार्किक गंमत. झिम्बाब्वेचे रॉबर्ट मुगाबे यांना एडिंबरा विद्यापीठानं १९८४ साली मानद पदवी दिली आणि २००७ साली काढून घेतली. मुगाबे यांनी अभ्यास करून मिळवलेल्या पदव्याही होत्या. त्यांना कुणी हात लावला नाही. बरोबरच आहे. माणूस पुढे जुलमी झाला म्हणून त्यानं पूर्वी सोडवलेला पेपर चूक ठरत नाही. मग मानद पदवीच का काढता येते? कारण ती आजही चालू असलेलं विधान आहे. पदवी दिल्या दिवशी ते वाक्य संपत नाही; विद्यापीठ दररोज ते म्हणत राहतं. म्हणून तर देताना दहादा विचार करायचा. काढून घेणं हा उपाय आहे, पण तो पोलीस पंचनाम्यासारखा. चोरी होऊन गेल्यावरचा.

इतका वेळ आपण अडचणींचं बोललो. चांगली मानद पदवी कशी असते, तेही बघू. नाहीतर तुम्ही म्हणाल, या निवृत्त मास्तरांना दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही.

१९५२चा जून महिना. न्यूयॉर्कचं कोलंबिया विद्यापीठ. मानकऱ्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर. त्यांना ‘डॉक्टर’ होण्यासाठी कुणाच्या मेहेरबानीची गरज नव्हती, कोलंबियाची पीएच.डी. आणि लंडनची डी.एस्सी. त्यांनी कधीच मिळवली होती. आता ती वेळ लक्षात घ्या. हिंदू कोड बिलाचा प्रश्न धसास लागला नाही म्हणून सप्टेंबर १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडलं होतं. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत मुंबईतून त्यांचा पराभव झाला होता. सत्तेच्या हिशेबात त्या वेळी त्यांच्याकडून कुणाला काही मिळण्यासारखं नव्हतं. १९०४च्या कायद्यातलं ते ‘स्थान’ निसटलं होतं. उरलं होतं ते कर्तृत्व, राज्यघटनेचं आणि समाजपरिवर्तनाचं. कोलंबियानं ते कर्तृत्व नाव घेऊन सांगितलं आणि एल्एल.डी. दिली. पुढे जानेवारी १९५३ मध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठानं डी.लिट. दिली. साक्षीदार जाणता, साक्ष निर्हेतुक, कारण स्पष्ट. न्यायशास्त्राच्या दोन्ही अटी इथे पुऱ्या होतात.

त्याआधीचं एक घरचं उदाहरण : रामकृष्ण गोपाळ भांडारकर. १८८५ साली जर्मनीतल्या ग्यॉटिंगेन विद्यापीठानं त्यांना मानद पीएच.डी. दिली. ग्यॉटिंगेनला पुण्याच्या संस्कृत प्राध्यापकाकडून काय मिळणार होतं? काही नाही. पण त्यांचं काम वाचू शकणारी आणि त्याची पारख असणारी माणसं तिथे होती. जाणकारानं जाणकाराला दिलेली दाद ती हीच. मैफलीत शेजारी बसलेला गवय्या मान डोलवतो, तशी.

आणि घेणाऱ्याचंही काही कर्तव्य असतं बरं का. ऑक्सफर्डनं १९४० साली रवींद्रनाथांना पदवी दिली, तेव्हा समारंभ शांतिनिकेतनात झाला. म्हातारपणी आजारी कवीला समुद्र ओलांडायला लावलं नाही. विद्यापीठाच्या रीतीनं भाषण लॅटिनमध्ये झालं. रवींद्रनाथांनी उत्तर दिलं ते संस्कृतमध्ये. तुमची अभिजात भाषा ती, आमची ही. एका शब्दानंही उद्धटपणा न करता बरोबरीचं नातं सांगून टाकलं. ब्राम्ह्स या संगीतकाराची तऱ्हा निराळी. ब्रेस्लाऊ विद्यापीठानं १८७९ साली त्याला पदवी दिली. मानपत्रात त्याला गंभीर संगीताचा अग्रणी म्हटलं. त्यानं परतफेड म्हणून जी संगीतरचना केली आणि १८८१ साली तिथेच वाजवून दाखवली, तिच्यात विद्यार्थ्यांची मद्यपानाची गाणी गुंफली होती! गंभीर चेहऱ्यानं बसलेल्या प्राध्यापकांपुढे त्यानं समारंभ परत विद्यार्थ्यांच्या हाती दिला. आमच्या मते फार मार्मिक उत्तर.

काही विद्यापीठांनी ही भानगडच नको म्हटलं. अमेरिकेतली एम.आय.टी. मानद पदव्या देत नाही, व्हर्जिनिया विद्यापीठ देत नाही. कॉर्नेलनं १८८६ साली दोन दिल्या, त्यानंतर बंद. त्यांचा मार्ग स्वच्छ आहे. पण आपल्यासाठी तो योग्य आहे असं आम्हाला वाटत नाही, आणि त्याचं कारण महाराष्ट्रातच आहे.

जळगावच्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे. अमरावतीच्या विद्यापीठाला गाडगेबाबांचं. बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या मुलानं आणि नात्यातल्या माणसानं उतरवून घेतल्या, पुस्तक आलं ते १९५२ साली, त्या वारल्यावर. आज हजारो मुलांच्या पदवीपत्रावर त्यांचं नाव छापलं जातं. आता विचार करा. एखादी बहिणाबाई आज आपल्या तालुक्यात असेल, बियाण्यांची जाणकार असेल, सुईण असेल, ओव्यांचं भांडार असेल, तर परीक्षेच्या वाटेनं तिला विद्यापीठात येता येणार नाही. तिच्यासाठी एकच दार आहे, मानद पदवीचं. ज्ञान आपल्या भिंतींच्या बाहेरही असतं, हे कबूल करण्याची विद्यापीठाला असलेली ही सोय आहे. ते दार आपण बंद करायचं नाही. पण त्या दारातून सारखे उद्योगपती आणि मंत्रीच आत येत असतील, तर ज्यांच्यासाठी दार ठेवलं ती माणसं बाहेर उन्हात उभी राहतात. आमची खरी तक्रार ही आहे.

आणि लोकांना हे विद्यापीठाआधी कळलं होतं. ११ मे १८८८, मुंबईत मांडवीला सभा भरली आणि लोकांनी जोतीराव फुल्यांना ‘महात्मा’ म्हटलं. ना सिनेट, ना झगा. पण त्या सभेत जमलेल्यांना जोतीरावांचं काम माहीत होतं, आणि त्यांच्याकडून काही उकळायचं नव्हतं. आप्ताच्या दोन्ही अटी पुऱ्या. म्हणून ती पदवी आजही टिकून आहे, आणि सरकारदरबारच्या कितीतरी रावबहादुरांची नावं आता फक्त जुन्या पाट्यांवर सापडतात.

मग करायचं काय? चार गोष्टी सांगतो. एक : जो माणूस सत्तेच्या पदावर आहे, त्याला त्या काळात पदवी देऊ नये, पद गेल्यावर कर्तृत्व उरलं तर जरूर द्यावी. दोन : ज्यानं विद्यापीठाला पैसे दिले त्याचं नाव इमारतीला द्या, आभार माना, पण पदवी देऊ नका. पैसा आणि विद्या यांची पावती एकाच पुस्तकातून फाडायची नसते. तीन : मानपत्रात काम नेमकं सांगा आणि ते आधी जाहीर करा, म्हणजे अध्यापकांना आणि विद्यार्थ्यांना प्रश्न विचारता येतील. चार : मानकऱ्यानं समारंभाच्या आदल्या दिवशी विद्यार्थ्यांपुढे तासभर आपल्या कामाविषयी बोलावं आणि प्रश्न घ्यावेत. बहिणाबाई बोलल्या असत्या. ज्याला बोलण्यासारखं काही नसेल, त्याला आपोआप कळेल की आपण इथे का नको होतो.

वेळ झाली. एक चिठ्ठी आली आहे, तेवढी घेतो. ‘मानद पदवी मिळालेल्यांनी नावापुढे डॉ. लावावं का?’ जुना प्रश्न आहे. बेंजामिन फ्रँकलिनला १७५९ साली स्कॉटलंडच्या सेंट अ‍ॅन्ड्र्यूज विद्यापीठाची पदवी मिळाली आणि तो जन्मभर डॉक्टर फ्रँकलिन राहिला. आज बहुतेक विद्यापीठांचा संकेत ‘लावू नये’ असा आहे, आणि तो शहाणपणाचा आहे. पण आपल्याकडे खरा धोका त्याच्याही पुढचा. हॉटेलच्या सभागृहात, शुल्क घेऊन, मानद डॉक्टरेट वाटणाऱ्या संस्था निघाल्या आहेत. १९५६च्या विद्यापीठ अनुदान आयोगाच्या कायद्याचं बाविसावं कलम स्पष्ट आहे : पदवी देण्याचा अधिकार कायद्यानं स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना किंवा संसदेनं तसा अधिकार दिलेल्या संस्थांना, इतर कुणाला नाही. बनावट विद्यापीठांची यादी आयोग जाहीर करतो. ती बघून घ्या.

मात्र एक सांगू? बनावट नाणं बाजारात चालतं, कारण खऱ्या नाण्यावरचा छापही पुसट झालेला असतो. हॉटेलात पैसे देऊन घेतलेली पदवी आणि विद्यापीठाच्या मांडवात अनुदानाच्या आशेनं दिलेली पदवी यांत कायद्याचा फरक मोठा आहे. साक्षीचा फरक किती आहे, ते ज्यानं त्यानं ठरवावं. पुढच्या वर्षी तुमच्या विद्यापीठाचा पदवीदान समारंभ होईल तेव्हा मानपत्र मागून घ्या, वाचा, आणि ती मोकळी जागा कशानं भरली आहे ते बघा. अधिसभेत तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर त्याला विचारा : हात वर केला होता, की नुसत्या टाळ्या वाजवल्या?